पडझड घरी वाचा

आमच्या सरांनी सबंध नोकरीत एकाही साम्राज्याचा शेवट शिकवला नाही.

राज्य उभं राहिलं, कालवे निघाले, बाजार भरले, लांबलांबची शहाणी माणसं राजधानीत गोळा झाली, पुस्तकांचे गठ्ठे उंटांवरून उतरले, की सर खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "पुढची पडझड घरी वाचा. ती समजायला मास्तर लागत नाही." तास संपायला अवकाश असला तरी पुस्तक मिटायचे. मग उरलेल्या वेळात त्याच राज्यात कागद कसा करायचे, शाईत काय घालायचे, वैद्य नाडी कशी बघायचे, असलं काहीबाही सांगत बसायचे. परीक्षेत त्यातलं काही येणार नाही, हे पोरांना माहीत होतं आणि सरांनाही.

पोरं घरी कशाला वाचतायत? ती यायची माझ्याकडे. "बाई, बगदादचं शेवटाला काय झालं? विजयनगरचं काय झालं? सरांनी सांगितलंच न्हाई." परीक्षा तोंडावर आलेली. मी गणिताची बाई. पण पोरांची तोंडं बघून गाईड उघडायची आणि एकेक राज्य पाडून दाखवायची. उंब्रजच्या पोरांना जगातल्या पडझडी कुणी शिकवल्या असतील तर त्या मी. याबद्दल मला कुणी शाल-नारळ दिलेला नाही.

मी एकदा भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, "सर, तुमचं काम माझ्या गळ्यात का?" तर शांतपणे चहा बशीत ओतत म्हणाले, "बाई, पडायचं कसं ते शिकवायला ह्या पोरांच्या घरातली माणसं समर्थ आहेत. उभं कसं राहायचं तेवढं मी बघतो." मी आपली बशी उचलून दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले. राग दोन दिवस टिकला असेल.

सर गेले, त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही, कारण ते स्वतःच कुठूनही सुरुवात करायचे. मी मलकापुरातून वडापची जीप पकडून उंब्रजला यायची, तेव्हा हे शाळेच्या फाटकातच उभे. "बाई, कालपासून एक गोष्ट डोक्यात आहे." ना नमस्कार, ना कशा आहात. एकदा असंच अडवून म्हणाले, "तुमचे आकडे हितून गेले, बगदादला मुक्काम केला, आणि तिथून पुढं युरोपात गेले. तुम्ही त्यांच्या माहेरच्या." मी म्हटलं, "मग माहेरी परत नाही आले कधी?" "आले की! इंग्रजी पोशाखात आले. तुम्ही ओळखलं न्हाई." आणि स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकात. "बीजगणिताचा अरबी शब्द आहे ना, अल-जब्र, त्याचा मूळ अर्थ काय माहितीय? मोडलेलं हाड जाग्यावर बसवणं. तुम्ही हाडवैद्य आहात बाई, हाडवैद्य!" हे त्यांनी पोरांनाही सांगून ठेवलं. वर्षभर अकरावीची पोरं मला पाठीमागं हाडवैद्यबाई म्हणत होती.

घर त्यांचं बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक उर्दू पुस्तक मोठ्यानं वाचायचे, आणि काचेच्या बांगड्यांच्या चळतींमध्ये बसून हे ऐकायचे. बगदादच्या शहाण्या माणसांचं पुस्तक. तिथं एक मोठं ग्रंथघर होतं, आणि ग्रीक, फारसी, संस्कृत, मिळेल त्या भाषेतलं शहाणपण आणून अरबीत उतरवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं, त्याची हकीकत. जुन्या शिळाप्रेसवर छापलेलं, पानं पिवळी, कडा झिजलेल्या. ते मराठीत आणायचं, ही सरांची आयुष्यभराची इच्छा. "रिटायर झालो की पहिलं तेच काम," असं ते दर वर्षी म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं होतं की आम्ही कुणी लक्ष देत नव्हतो.

त्यांना एकच शब्द चालत नसे. अंधारयुग. तो कुणी उच्चारला की त्यांचं काही खरं नाही. एकदा शिक्षकखोलीत लाइट गेली, आणि शास्त्राचे मास्तर गमतीनं म्हणाले, "आलं वाटतं मध्ययुगातलं अंधारयुग!" सर ताडकन उठले. "कुठं होता अंधार? शेजाऱ्याचा दिवा गेला म्हणून सगळ्या गल्लीत अंधार झाला असं सांगत सुटायचं व्हय? बगदादात, काहिऱ्यात, कोर्दोबात माणसं वाचत बसली होती. हिकडं आपल्याकडं यादवांच्या राज्यात मराठी बोलायला लागली होती, लिहायला लागली होती. आणि युरोपात तरी कुठं सगळाच अंधार? मठातली माणसं थंडीनं बोटं गारठली तरी पुस्तकं उतरवून काढत होती. अंधार होता म्हणे!" तेवढ्यात लाइट आली. शास्त्राच्या मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सर मात्र खाली बसून भडंग खायला लागले, जसं काही झालंच नाही.

शिकवायची तऱ्हाही तसलीच. वर्गातल्या बाकांना त्यांनी शहरांची नावं दिली होती. पहिला बाक बगदाद. मग काहिरा, मग पालेर्मो, मग तोलेदो. शेवटचे बाक पॅरिस आणि लंडन. "तवा ती मागंच बसलेली होती," असं ते म्हणायचे, आणि मागची पोरं एकदम खूश व्हायची. तर हे काय करायचे, नवीन गोष्ट फक्त बगदादच्या बाकाला सांगायची, हळू आवाजात. त्यांनी ती आपल्या शब्दांत काहिऱ्याला सांगायची, काहिऱ्यानं पालेर्मोला. वर्गात नुसता गलका. मग लंडनच्या पोरानं उभं राहून मोठ्यानं सांगायची. तोवर गोष्टीचं काय काय झालेलं असे! कुणी त्यात बैल घुसवायचा, कुणी आपला मामा. मी एकदा खिडकीतून ऐकत होते, नंतर म्हटलं, "सर, निम्मं चुकीचं पोचलं की."

"पोचलं ना?" ते म्हणाले. "तसंच्या तसं कधी पोचत नसतं, बाई. दुसऱ्याच्या तोंडातनं गेलं की त्याला दुसऱ्याची चव लागतीच. पण पोचलं पायजे. न पोचलेलं बरोबर काय कामाचं?"

गणितात असं चालत नाही, असं मी त्यांना ठणकावलं. ते म्हणाले, "म्हणून तुमच्या तासाला पोरं गप्प बसत्यात."

कागदाची गोष्ट आमच्या शाळेत अजून सांगतात. सरांचं म्हणणं, बगदाद शहाणं झालं ते कागदामुळं. चामड्यावर लिहिणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो, कागदावर लिहिणारा मोकळा होतो. आणि आपल्याकडं उसाच्या चिपाडांचे ढीग पडलेत, तर आपण कागद का करू नये? झालं. शाळेच्या मागं चुली पेटल्या. पोरांनी गुऱ्हाळावरून चिपाडं आणली, भिजत घातली, धुण्याच्या सोड्यात उकडली, उखळात कुटली, चौकटीला मच्छरदाणी ठोकून त्यावर लगदा गाळला. सरांची पँट गुडघ्यापर्यंत वर. मुख्याध्यापक लांबून बघत होते आणि कपाळाला हात लावत होते.

सरांनी पोरांना सांगितलं, वाळल्यावर कागदाला खळ लावा, नाहीतर शाई फुटते. पेज लावा, नाही तर दुसरं काही चिकट लावा. एवढं सांगून ते तासाला गेले. आता आमची पोरं गुऱ्हाळाच्या घरची. त्यांना चिकट म्हटल्यावर काय सुचणार? त्यांनी काकवी आणली आणि दोन्ही बाजूंनी मस्त चोपडली.

कागद दिसायला इतका सुरेख झाला! सोनेरी, उन्हात चमकणारा. त्याच आठवड्यात शिक्षणखात्यातले एक साहेब येणार होते. सरांनी त्यांचं स्वागतपत्र त्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, गुंडाळी केली, लाल दोरा बांधून टेबलावर ठेवली. साहेबांचं भाषण लांबलं. ते हातवारे करत बोलत होते, आणि टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग शिस्तीत वर चढत होती. पोरांना दिसत होतं, आम्हाला दिसत होतं, बोलणार कोण? साहेबांनी गुंडाळी हातात घेतली, उघडली, आणि हात झटकायला लागले. कागद सुटता सुटेना. पुढच्या रांगेतल्या पोरी तोंडावर ओढणी धरून लोळायच्या बाकी राहिल्या.

दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड दाखवलं नसतं. सर संध्याकाळी मला म्हणाले, "आपलं चुकलं कुठं, तर बगदादवाल्यांकडं काकवी नव्हती." पुढच्या वर्षी त्यांनी पेज लावून पुन्हा कागद केला. चांगला झाला. पण तो कुणाला आठवत नाही, मुंग्यांचाच आठवतो. त्यांच्या घरी गेलं की भाभी, म्हणजे त्यांची बायको, हटकून विचारायची, "बाई, मास्तरांचं शानपन मुंग्यास्नी लय गोड लागलं म्हनं?"

भाभी मिरजेची. बुटकी, ठसठशीत, दिवसभर कामात. नवऱ्याला मास्तर म्हणायची. घरात पुस्तकांचे ढीग, आणि तिला झाडायला जागा मिळायची नाही, म्हणून तिचं आणि पुस्तकांचं कायमचं वैर. "वाळवी लागू दे सगळ्याला," असं म्हणत म्हणत प्रत्येक पुस्तक फडक्यानं पुसायची. मला वाटायचं, हिला त्यातलं काही वाचता येत नसावं. कधी विचारलं नाही.

सरांची नजर गेली ती हळूहळू. साखरेचं दुखणं जुनं. पण ते पुस्तकात न बघता शिकवायचे, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. एके दिवशी मला यायला उशीर झाला. अकरावी सायन्सचा माझा तास, बघते तर आत सर शिकवतायत. माझं डोकं सटकलं. म्हटलं, आता तासही घ्यायला लागले! दारात उभी राहिले, तर त्यांचं लक्षच नाही. फळ्यावर रसायनाची समीकरणं होती आणि सर त्यांच्यावरच लिहीत होते. अक्षरावर अक्षर, काही कळत नव्हतं. पोरं एकदम शांत बसून ऐकत होती. सरांना आपण चुकीच्या वर्गात आलोय हे कळू नये म्हणून शांत बसली होती, हे नंतर माझ्या ध्यानात आलं. मी दारातूनच मागं फिरले आणि जिन्यात जाऊन रडले. मी सहसा रडत नाही.

त्यानंतर मिरजेच्या दवाखान्याच्या वाऱ्या. डोळ्यांत इंजेक्शनं, लेसर, सगळं झालं. रिटायर झाले तोवर एक डोळा गेला होता. शेवटच्या वेळी आम्हीच घेऊन गेलो, म्हणजे मी आणि आमचे सुभेदार. माझे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, ऊस बघतात आणि सगळ्या जगाची गाडी चालवतात. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं स्पष्ट सांगितलं, आता उजेड-सावली कळेल, अक्षर दिसणार नाही, आणि यापुढं करण्यासारखं काही नाही.

परत निघालो. पेठनाक्याला चहाला थांबलो. भाभीनं कप त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाला लावून दिली. सर म्हणाले, "बाई, पुस्तक राहिलं."

एवढंच. इतकी वर्षं आम्ही ज्याच्याकडं लक्ष दिलं नाही, ती एकच गोष्ट या माणसाला करायची होती, आणि आता ते पुस्तक हातात धरून बसण्यापलीकडं त्यांना काही करता येणार नव्हतं. उंब्रजमध्ये आता उर्दू वाचणारं कोण? शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला. पुस्तक त्यांच्याबरोबरच संपणार, असं त्या नाक्यावर मला वाटलं.

सुभेदार हार मानणारे नव्हेत. "अहो, मोबाइल वाचतो की! फोटो काढायचा, बटण दाबायचं, मराठीत हाजिर." दुसऱ्या रविवारी ते फोन घेऊन सरांच्या घरी ठाण मांडून बसले. पण पुस्तक जुन्या दगडी छापाचं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, वर डाग. फोननं बराच विचार केला आणि बाईच्या आवाजात ठणठणीत सांगितलं, "राजाने वैद्याला भाजले आणि ग्रंथालय प्यायले." सर खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. सुभेदारांनी दुसरं पान लावलं. फोन म्हणाला, "उंट सभासद आहे."

स्वयंपाकघरातून भाभी हात पुसत बाहेर आली. "आना हिकडं," म्हणाली, आणि सुभेदारांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. अक्षरांखाली बोट धरलं आणि वाचायला लागली. अडखळत, श्वास घेत, पण उर्दू.

सरांचा चेहरा भाभीच्या आवाजाकडं वळला. "तुला येतंय की अजून," ते म्हणाले.

"मिरजेत उर्दू शाळंत सातवीपातूर हुते मी. इसरलात काय? लग्नपत्रिका कोन वाचतंय घरातल्या?" मग माझ्याकडं बघून, जरा लाजून म्हणाली, "त्या मोबाइलपरास मी बरी न्हवं?"

तिथून आमचा रविवार सुरू झाला. खिडकीपाशी उजेडात भाभी पुस्तक घेऊन, मधे खाटेवर सर, आणि इकडं चौरंगावर फुलस्केप ठेवून मी. भाभी एक वाक्य उर्दूत वाचायची, सर ते मराठीत सांगायचे, मी लिहायची. सरांना काय आनंद झाला म्हणता! "बाई, तोलेदोत अस्संच चालायचं. एकजण अरबी पुस्तक वाचून बाजारच्या बोलीत सांगायचा, दुसरा ते ऐकून लॅटिनात लिहायचा. दोघं मिळून एक माणूस. आपण तर तिघं आहोत!" भाभी म्हणाली, "त्या तोलेदोत भाकऱ्या कोन थापत हुतं ते लिवलंय काय कुटं?" सर म्हणाले, ते घरी बघ.

शब्दांवरून आमची जुंपायची. मी 'विद्वान' म्हटलं की सर म्हणायचे 'शहाणी माणसं' लिहा, विद्वान लिहिलं की पोरं पान उलटतात. सुरुवातीला भाभी नुसती वाचायची. अवघड शब्द आला की सर पाठांतरातून सांगायचे. पुस्तक त्यांना जवळजवळ तोंडपाठ होतं, पण जवळजवळच. कुठं ओळ निसटायची, कुठं पान. तिच्या तोंडून मूळ वाक्य कानावर पडल्याशिवाय त्यांना मराठी सुचत नसे. मग दिवाळीच्या सुमारास भाभी मधे बोलायला लागली. ग्रंथघरातली मंडळी जेवताना एका वाक्याच्या अर्थावरून अडून बसली, असा काहीतरी भाग होता. सर म्हणाले, "लिहा, ते चर्चा करत होते."

"चर्चा कुटली? भांडत हुती," भाभी म्हणाली. "हितं सरळ लिवलंय."

"शहाणी माणसं भांडत नसतात."

"मग तुमी आनि बाई काय करताय मगाधरनं?"

मी 'भांडत होते' लिहिलं. सर मिशीत हसत होते.

असं उन्हाळ्यापर्यंत चाललं. सर खंगत होते. दुखणं आता किडनीवर गेलं होतं, पाय सुजायचे, मधेच डोळा लागायचा. भाभी वाचायची थांबायची, जागे झाले की पुढचं वाक्य. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्याची पानं उजव्या बाजूला जाड आणि डाव्या बाजूला पातळ होत गेली. उरलेली पानं तिच्या अंगठ्याखाली मावायला लागली, तसं आमच्या तिघांच्याही ध्यानात येत होतं की पुस्तक पुरं होणार. आणि पुस्तकात पुढं काय आहे, हेही ध्यानात येत होतं. बगदादचा शेवट मी इतक्या पोरांना गाईडमधून शिकवला होता.

त्या रविवारी भाभीनं एक प्रकरण संपवलं. ग्रंथघर भरलेलं, वेधशाळा चालू, कागदाच्या बाजारात गर्दी. सरांनी सांगितलं, मी लिहिलं. भाभीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "झालं. संपलं."

सर खाटेवर लोडाला टेकून होते. तिथूनच म्हणाले, "एक प्रकरण राहिलंय."

"न्हाई राहिलं."

"राहिलंय."

"पानं फाटल्यात तिथली."

"फाटली न्हाईत. मी जपलंय ते पुस्तक."

बाहेर गल्लीत भाजीवाल्याचा कर्णा ओरडत होता, वांगी, गवारी, कोथिंबीर. तो लांब जाईपर्यंत भाभी मिटलेलं पुस्तक पदरानं पुसत राहिली. मग भाभीचा बांध फुटला. "मी न्हाई वाचनार ते! जलमभर तुमी कवा ते तोंडातनं काडलं न्हाई. पोरास्नी सांगितलं न्हाई, मला सांगितलं न्हाई. आनि आता तुमच्या डोळ्यास्नी उजेड न्हाई, अंगात रगत न्हाई, आनि मी तुमाला बसून त्ये वाचून दावू? जाळपोळ? मला न्हाई जमनार, मास्तर. बाई, तुमी तरी सांगा की यास्नी."

मला तिचंच पटत होतं. म्हटलं, "सर, राहू द्या. इथं संपवू. पोरांना तुम्ही इथपर्यंतच शिकवलंत."

सर हसले. "पोरांना मी काय सांगत होतो, बाई?"

"पडझड घरी वाचा."

"मग मी आता घरीच हाय की." त्यांनी भाभीचा हात चाचपडत शोधला. "वाच. अर्धं पोचवलेलं पोचत न्हाई."

भाभीनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पान उघडलं. मला उर्दू येत नाही, पण दरिया कळलं, स्याही कळलं, किताबें कळलं. वाक्य संपलं. मी पेन टेकवून सरांकडं बघितलं.

सरांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, आणि मान खाली घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांना मराठी सुचली नाही असं मी पहिल्यांदा बघितलं.

भाभी थांबली. त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि स्वतःच बोलली, "लिवा, बाई. शहर पडलं. पुस्तकं उचलून नदीत टाकली. येवढी टाकली, येवढी टाकली, की शाई सुटून नदीचं पानी काळं झालं असं सांगत्यात."

मी लिहिलं. तिनं पुढचं वाक्य वाचलं आणि लगेच मराठीत सांगितलं. मग पुढचं. कुठं अडखळली नाही. तिची मराठी सरांपेक्षा उघडी होती, त्यात कुठं शोभा नव्हती. मी तिचं एकही अक्षर बदललं नाही. सर डोळे मिटून ऐकत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला ते थोडी मान हलवत होते, वर्गात लंडनचा पोरगा उभा राहून बोलायचा तेव्हा हलवायचे तशी.

शेवटची ओळ झाली. भाभीनं पुस्तक मिटलं, रुमालात गुंडाळलं, गाठ मारली. मी पेनचं टोपण लावलं. तेवढ्यात रुमालाच्या गाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "पर जी पुस्तकं आदीच दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसली हुती, ती नदीला कुटनं गावनार?"

मी तिच्याकडं वळले. मग विचारलं, "भाभी, हे पुस्तकात आहे?"

भाभी रुमालाची गाठ उगाच पुन्हा आवळत बसली.

"आता हाय," सर म्हणाले. "लिहा, बाई."